तीन शहरांची वाट आणि मधुमेहींची हाडे

वाचकहो, आज आपल्याला एका छोट्या प्रवासाला घेऊन जायचे आहे. कल्याण मागे पडले की कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी थांबत जाते. उल्हासनगरात गाडीत चढलेला माणूस वीस मिनिटांच्या आत बदलापुरात उतरतो. जूनमधल्या एका रविवारी मला मात्र या प्रवासाला जवळजवळ अख्खा दिवस लागला, कारण तो मी मुद्दाम सावकाश केला. बदलापुरात माझ्या एका रुग्ण काकूंना भेटायचे होते, आणि त्यांच्यासमोर जाण्यापूर्वी काही गोष्टींचा नीट विचार करणे मला आवश्यक वाटत होते.

काकूंचे वय ७१. मधुमेह १६ वर्षांचा. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने आपण होऊन त्यांच्या हाडांची घनता तपासून घेतली. डेक्सा यंत्रावरच्या त्या तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे १.४ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येनुसार हा आकडा उणे २.५ वर किंवा त्याखाली गेला तर 'ऑस्टिओपोरोसिस', म्हणजे हाडांची ठिसूळता. उणे १ ते उणे २.५ ही मधली पायरी. मी अहवाल पाहिला आणि म्हणालो, "काकू, वयाच्या मानाने हाडे चांगली आहेत. काळजी नको."

त्यानंतर दहा महिन्यांनी, पहाटे तीनच्या सुमारास लघवीसाठी उठलेल्या काकू न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांच्या मुलाने मला विचारले, "डॉक्टर, रिपोर्ट तर चांगला आला होता ना?" त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला.

आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या घरात मधुमेही आई-वडील, सासू-सासरे आहेत, त्यांनीही हा प्रश्न कधीतरी विचारावा असे मला वाटते. त्याचे उत्तर या तीन शहरांतून जाता जाता शोधू.

उल्हासनगर : सावलीत बसलेली माणसे

उल्हासनगर हे गाव म्हणून वाढलेले शहर नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी छावणी होती, 'कल्याण कॅम्प'. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीतल्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. शहराचे पाच भाग आजही कॅम्प नंबर एक ते पाच म्हणूनच ओळखले जातात आणि अनेकांच्या पत्त्यात बराकीचा क्रमांक अजून टिकून आहे. बराकींच्या जागी मजल्यांवर मजले चढले, गल्ल्या अरुंद झाल्या, आणि घराच्या तळमजल्यावर दुकान अशी रचना सर्वत्र रूढ झाली.

त्या दिवशी सकाळी मी कॅम्प दोनमधल्या बाजारातून चालत निघालो. कापडाच्या एका दुकानात माझे जुने रुग्ण बसले होते. वय ६८, अंगाने भरदार. सकाळी दहाला गादीवर बसतात ते रात्री नऊला उठतात. मला पाहून म्हणाले, "डॉक्टरसाब, बघा, अजून शंभर मीटरचा तागा उचलतो. हाडे लोखंडाची आहेत." त्यांना मधुमेह होऊन वीस वर्षे झाली आहेत. त्यांचा हा समज केवळ त्यांचा नव्हे. अगदी अलीकडेपर्यंत आम्हा डॉक्टरांचाही तोच होता.

त्या समजाला कारणही आहे. प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे टाइप दोन मधुमेहाच्या रुग्णांत हाडांची घनता बहुधा सामान्य, कित्येकदा सामान्यांहून थोडी अधिक आढळते. वजन जास्त असल्याने हाडांवर भार पडतो आणि त्यांत खनिजांचा भरणा टिकून राहतो. मग अशा माणसाची हाडे कमी मोडायला हवीत. प्रत्यक्षात घडते ते उलट. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरातील वृद्धांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहींच्या हाडांची घनता अधिक असूनही त्यांची हाडे जास्त प्रमाणात मोडत असल्याचे दिसले. नंतरच्या अभ्यासांनीही याला दुजोरा दिला. टाइप दोन मधुमेहात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांच्या मानाने ढोबळमानाने दीडपटीच्या आसपास असतो. लहान वयात सुरू होणाऱ्या टाइप एक मधुमेहात तो कित्येक पट अधिक असतो, आणि तेथे घनताही कमी असते.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी उल्हासनगरच्या रहिवाशांना परिचयाचा एक दाखला देतो. जुन्या इमारतीचा स्लॅब बाहेरून जाड दिसतो, सिमेंट भरपूर असते. पण आतल्या सळ्या गंजलेल्या असतील तर तो भार सोसत नाही. हाडातली खनिजे, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस, म्हणजे सिमेंट. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू म्हणजे सळ्या. या तंतूंमुळे हाडाला किंचित वाकण्याची, धक्का पचवण्याची क्षमता येते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की ती या तंतूंना चिकटते, तंतू एकमेकांना नको तेथे जखडले जातात आणि हाड कडक, पण ठिसूळ होते. जुने हाड झिजवून नवे घालणाऱ्या पेशींचे कामही मंदावते, त्यामुळे बारीक तडे वेळेवर बुजत नाहीत. हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचात सूक्ष्म छिद्रे वाढतात. डेक्साचे यंत्र सिमेंट किती आहे ते सांगते. सळ्यांची अवस्था त्याला दिसत नाही.

म्हणून मधुमेहीचा टी-स्कोअर वाचताना तो प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सुमारे ०.५ ने खाली आहे असे धरावे, असे आता तज्ज्ञ सांगतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या विश्लेषणातून हा हिशेब पुढे आला. काकूंचा उणे १.४ मी उणे १.९ असा वाचायला हवा होता. हाड मोडण्याचा पुढील दहा वर्षांतला धोका काढण्यासाठी 'फ्रॅक्स' नावाचे एक गणित २००८ पासून वापरात आहे. त्याच्या प्रश्नांत टाइप दोन मधुमेहाला जागाच नव्हती. त्यामुळे मधुमेहींचा धोका तेथेही कमी दिसतो. यावर उपाय म्हणून काही डॉक्टर संधिवाताच्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर भरतात, काही रुग्णाचे वय दहा वर्षांनी वाढवून धरतात.

माझी खरी चूक मात्र आकड्याच्या पलीकडची होती. काकू अहवालाच्या आदल्या वर्षी जिन्यात घसरल्या होत्या आणि त्यांचे मनगट मोडले होते. प्लास्टर दुसरीकडे घातले गेले, हात बरा झाला, आणि त्यांनी मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता-बोलता पडून मोडलेले हाड हे पुढच्या मोडीचे सर्वांत स्पष्ट चिन्ह असते. घनता कितीही आली तरी असा इतिहास असेल तर उपचारांचा विचार करावा लागतो. वाचकहो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे पन्नाशीनंतर मनगट, खांदा, मणका, काहीही मोडले असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

दुकानातल्या दादांना मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, दुपारच्या आधी गल्लीच्या टोकापर्यंत उन्हातून रोज वीस-पंचवीस मिनिटे चालणे. भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण माणसे सावलीत बसलेली असतात. वयाबरोबर त्वचेची हे जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमताही घटते. दुसरी गोष्ट, रक्त तपासल्याशिवाय मेडिकलमधून साठ हजार युनिटची पुडी आणून घेत राहू नये. ही पुडी सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेतल्यास रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊन मूत्रपिंडे बिघडू शकतात.

त्यांच्या पत्नींनी पालकाची साई भाजी हाडांसाठी पुरेशी आहे का, असे विचारले. साई भाजी उत्तमच, पण पालकातल्या ऑक्झलेटमुळे त्यातले कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, ताक, तीळ, नाचणी, राजगिरा यांकडे वळावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोनशे मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. मात्र नाचणी हेही धान्यच आहे. तिनेही साखर वाढते, म्हणून ती पोळी-भाताच्या जागी खावी, त्यांच्या जोडीला नव्हे.

अंबरनाथ : खाली उतरणाऱ्या पायऱ्या

उल्हासनगरनंतरचे स्थानक अंबरनाथ. येथे उतरलो तेव्हा पावसाची सर येऊन गेली होती. वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले शिवमंदिर शिलालेखानुसार शके ९८२ मधले, म्हणजे इ.स. १०६० चे. शिलाहार राजा माम्वाणी याच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाले. काळ्या दगडातल्या शिल्पांनी मढवलेल्या भिंती पाहायला लांबून माणसे येतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी येथे रीघ लागते.

या मंदिराचे एक वैशिष्ट्य म्हणजे गर्भगृह मंडपापेक्षा बरेच खाली आहे. शिवलिंगाच्या दर्शनासाठी सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरच्या उजेडातून आत अर्धअंधारात शिरायचे, पाय अनवाणी, दगड ओला. मी मंडपात बराच वेळ उभा राहून उतरणाऱ्या वृद्धांकडे पाहत होतो. एक आजोबा भिंतीचा आधार चाचपत होते, पाऊल टाकण्याआधी पुढची पायरी पायानेच शोधत होते. त्यांच्यामागून एक आजी नातवाचा खांदा धरून भराभर उतरल्या. मधुमेही माणूस का पडतो, हे समजावण्यासाठी याहून चांगली जागा मला सुचणार नाही.

पहिले कारण पाय. बरीच वर्षे मधुमेह असला की पायांच्या नसा बधिर होतात. तळव्याखाली काय आहे, पाऊल सरळ पडले की तिरके, याची खबर मेंदूला उशिरा पोहोचते. दुसरे कारण डोळे. दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल, मोतीबिंदू असेल, तर उजेडातून अंधारात गेल्यावर नजर स्थिरावायला वेळ लागतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खाली पाहताना नजर वाचायच्या भिंगातून जाते आणि पायरी पुसट दिसते. तिसरे कारण रक्तदाब. मधुमेहाने आतल्या स्वयंचलित नसा दुबळ्या झाल्या की बसून किंवा झोपून उठताना रक्तदाब एकदम खाली येतो आणि भोवळ येते. चौथे कारण स्नायू. साठीनंतर मांड्यांचे स्नायू कमी होतातच. मधुमेहात ते अधिक लवकर कमी होतात.

पाचवे कारण आमच्या औषधांच्या चिठ्ठीत असते. अंबरनाथ हे आयुध निर्माणीचे आणि औद्योगिक वसाहतींचे गाव. येथे कारखान्यांतून निवृत्त झालेले अनेक मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी एक गृहस्थ, वय ७४, इन्सुलिनवर. पाळीच्या नोकरीची सवय, त्यामुळे वेळा काटेकोर. नवरात्रात त्यांनी उपवास धरला, इन्सुलिनची मात्रा मात्र नेहमीचीच घेतली. पहाटे साखर उतरली, घाम फुटला, उठायला गेले आणि पडले. खांद्याचे हाड मोडले. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की हातपाय थरथरतात, गोंधळल्यासारखे होते, तोल जातो. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी हे घडू शकते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, आणि रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

म्हणून वृद्धांच्या साखरेचे लक्ष्य तरुणांइतके कडक ठेवत नाहीत. धडधाकट वृद्धाचे एचबीए१सी सात ते साडेसातच्या दरम्यान असावे. अनेक आजार असलेल्या, अशक्त व्यक्तीला आठपर्यंत चालते. "माझ्या आईची साखर अगदी शंभरच्या आत असते" असे अभिमानाने सांगणाऱ्या मुलांना मी हल्ली आधी विचारतो, "आई रात्री घाम येऊन उठतात का?"

आणखी एका गोळीचा उल्लेख करायला हवा. पायोग्लिटाझोन हे औषध आपल्याकडे इतर गोळ्यांच्या जोडीने सर्रास दिले जाते. ते स्वस्त आहे आणि साखरेवर चांगले काम करते. परंतु स्त्रियांमध्ये त्याने हाडे मोडण्याचा धोका वाढतो, हे मोठ्या अभ्यासांतून दिसून आले आहे. काकूंच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते होते. ती गोळी मीच लिहून दिली होती, आणि अहवाल पाहिला त्या दिवशीही ती बदलली नाही. मेटफॉर्मिनमुळे हाडांना अपाय होत नाही. मात्र ते दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्याने पायांचा बधिरपणा वाढतो, म्हणून ती तपासणी अधूनमधून करावी. हे वाचून कोणीही आपली गोळी स्वतःहून बंद करू नये. गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि "यातले काही हाडांना किंवा तोलाला बाधते का?" एवढेच विचारावे.

मंदिरातून निघताना त्या आजोबांशी बोललो. त्यांना मधुमेह असल्याचे त्यांनी सांगितले. देवदर्शन सोडा, असे मी त्यांना म्हणालो नाही. गर्दीच्या दिवशी येऊ नका, सोबत कोणीतरी असू द्या, एक हात भिंतीला आणि एक सोबत्याच्या दंडाला असू द्या, घरी गेल्यावर तळपाय आरशात तपासा, एवढे सांगितले. पडण्याच्या भीतीने घराबाहेर न पडणाऱ्या माणसाचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि तो घरातच पडतो.

बदलापूर : जांभळे आणि दिवसभर बंद दार

बदलापूर स्थानकाबाहेर जांभळांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. बदलापूरची जांभळे या भागात प्रसिद्ध आहेत आणि आसपासच्या पाड्यांतल्या अनेक घरांचा जूनमधला हातखर्च त्यांवर चालतो. गिऱ्हाइकांमध्ये मधुमेही निम्मे तरी असावेत. "बिया फेकू नका, वाळवून चूर्ण करा, साखर जाते," असे एक गृहस्थ दुसऱ्याला समजावत होते. जांभूळ हे चांगले फळ आहे, मधुमेहीने वाटीभर खावे. पण त्याच्या चूर्णावर विसंबून गोळ्या सोडलेल्या रुग्णांची साखर चारशेवर गेलेली मी पाहिली आहे. साखर महिनोन्महिने अशी चढी राहिली की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जाते आणि हाडांचे दुहेरी नुकसान होते. मी अर्धा किलो जांभळे घेतली आणि काकूंच्या लेकीच्या घराकडे निघालो.

कुळगाव आणि बदलापूर मिळून झालेले हे शहर गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढले. मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीयांना परवडणारी घरे येथे मिळाली. पहाटेच्या लोकलने कर्तीसवरती माणसे निघून जातात आणि रात्री परततात. मधल्या बारा-चौदा तासांत सदनिकेच्या बंद दाराआड एकटे म्हातारे आई-वडील असतात. पडल्यावर उठता न आल्याने संध्याकाळपर्यंत फरशीवर पडून राहिलेल्या वृद्धांना तपासण्याची वेळ माझ्यावर एकाहून अधिक वेळा आली आहे. मोडलेल्या हाडाइतकेच हे तास घातक असतात. शरीरातले पाणी कमी होते, कातडीवर दाबाच्या जखमा होतात, मधुमेहीची साखर भलतीकडे जाते.

काकूंचे कॅम्प चारमधले घर पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना उभा. म्हणून रुग्णालयातून त्यांना थेट लेकीकडे, लिफ्ट असलेल्या इमारतीत आणले होते. शस्त्रक्रियेला सव्वा महिना झाला होता. वॉकर धरून त्या दारापर्यंत आल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पडले मी, आणि चेहरा तुमचा पडलाय?" मी त्यांना जांभळे दिली आणि माझे काय चुकले ते सांगितले. मनगटाचे विचारले नाही, गोळी बदलली नाही, आकडा सरळसोट वाचला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मनगटाचं मीही सांगायला हवं होतं. ते काही आजारपण वाटलंच नाही मला."

लेकीने रुग्णालयाचे कागद पुढे केले. जखमेची मलमपट्टी, वेदनाशामक गोळ्या, फिजिओथेरपी, सर्व काही नीट लिहिलेले. हाड अधिक मोडू नये म्हणून द्यावयाच्या औषधाचा मात्र उल्लेख नव्हता. हे जगभर घडते. मोडलेले हाड जोडले जाते आणि हाड का मोडले, याकडे कोणी वळत नाही. वृद्धांमध्ये खुब्याच्या मोडीनंतर पहिल्या वर्षात पाचांतला एक किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात. जे उरतात त्यांच्यातही दुसरा खुबा मोडण्याचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे शक्यतो २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया, लवकरात लवकर उभे करणे, आणि पुढे हाडांचे औषध, ही तिन्ही कामे महत्त्वाची आहेत.

ही औषधे मधुमेहींतही उपयोगी पडतात. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, काही खाऊ नये. हे जमत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक आम्ल आहे. ही दोन्ही देण्यापूर्वी मूत्रपिंडांचे कार्य तपासावे लागते. मधुमेहींत ते विशेष आवश्यक. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची कमतरता आधी भरून काढावी, आणि दाताचे मोठे काम असल्यास ते उरकून घ्यावे. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली द्यायचे डेनोसुमॅब हेही एक औषध आहे. त्याची मात्रा चुकवू नये, कारण ते अचानक थांबवल्यास मणके मोडू शकतात. काकूंची मूत्रपिंडे ठीक आहेत. ड जीवनसत्त्वाचा अहवाल आल्यावर वर्षातून एकदाचे इंजेक्शन द्यायचे, असे आम्ही अस्थितज्ज्ञांशी फोनवर बोलून ठरवले. पायोग्लिटाझोन मी त्याच दिवशी बंद केले.

मग लेकीबरोबर घर फिरून पाहिले. वाचकहो, आपणही आजच आपले घर असे पाहावे.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. वाटेत पायपुसणे, विजेची वायर, पाण्याने भरलेल्या बादल्या नसाव्यात. पाण्याच्या वेळा ठरलेल्या असल्या की बादल्या नेमक्या तेथेच भरून ठेवल्या जातात. न्हाणीघरात कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही. फरशी गुळगुळीत असेल तर रबरी जाळीची चटई टाकावी. घरातही मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल वापरावी. रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. रात्री लघवीला वारंवार उठावे लागत असेल तर ते वय म्हणून सोडून देऊ नये; साखर चढी आहे का, मूत्रमार्गाचा संसर्ग आहे का, हे पाहावे. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीच्या गळ्यात मोबाइल असावा आणि शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली.

काकूंच्या जावयांनी स्वतःच्या वडिलांविषयी विचारले. त्यांनाही मधुमेह आहे. त्यांची एक सोपी चाचणी आम्ही तेथेच घेतली. खुर्चीवरून उठायचे, नेहमीच्या चालीने दहा फूट चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. त्यांना १६ सेकंद लागले. त्यांच्यासाठी रोजचा व्यायाम ठरला: हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, सुरुवातीला पाच वेळा; ओट्याला हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे; टाचा उचलणे. मणक्यांची हाडे ठिसूळ असल्यास कंबरेतून पुढे खोल वाकण्याची आसने करू नयेत. मणके न कळत मोडतात. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून कमी झाली असेल, किंवा पाठीला नव्याने पोक आले असेल, तर मणक्याचा एक्स-रे काढावा.

आणखी एक सूचना. टाचेवर यंत्र लावून हाडे तपासण्याची शिबिरे आपल्या भागात वरचेवर भरतात. त्या तपासणीवरून निदान होत नाही. शंका असल्यास खुबा आणि कण्याची डेक्सा तपासणीच करावी लागते. शिबिरातली 'नॉर्मल'ची चिठ्ठी मधुमेहीने निर्धास्त होण्यासाठी वापरू नये.

निघताना पाऊस लागला होता. काकूंचा मुलगा मला सोडायला स्थानकापर्यंत आला. पुलाच्या पायऱ्या चढताना मी त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले: रिपोर्ट चांगला होता, पण तो हाडाच्या एकाच अंगाविषयी बोलत होता, आणि बाकीच्या अंगांविषयी विचारणे माझे काम होते. तो म्हणाला, "आता कोणकोणत्या गोष्टी विचारायच्या, ते लिहून द्या. बाबांनाही साखर आहे." गाडी येईपर्यंत मी औषधाच्या चिठ्ठीवर पाच प्रश्न लिहून दिले. पन्नाशीनंतर हाड मोडले आहे का? गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? उंची कमी झाली आहे का? पायांना संवेदना आणि डोळ्यांना पायरी नीट कळते का? साखर कधी फार खाली जाते का?

हेच पाच प्रश्न आता माझ्या दवाखान्यात मधुमेहींच्या प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात छापलेले असतात. आपण पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा त्यांची उत्तरे लिहून बरोबर न्यावीत.